दोडका म्हणाला, गेलो

जानेवारीतल्या एका रविवारी भर दुपारी बारा वाजता मी मोबाईलवर लिहिलं, "रात्र झाली. गाव झोपलं." आणि मान वर करून पाहिलं, तर खिडकीबाहेर खरंच काही नव्हतं. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या आमच्या क्वार्टरसमोर एरवी डोंगर असतात. त्या आठवड्यात धुकं असं उतरलं होतं की डोंगर सोडा, समोरच्या क्वार्टरचं फाटकसुद्धा कुणीतरी पुसून टाकल्यासारखं झालं होतं. दूध घालणारा यायचा तेव्हा आधी सायकलची घंटा यायची, मग बऱ्याच वेळाने तो. अशा दिवसांत माणसाला आपण कुठे आहोत हे नीट कळत नाही. मला तर वाटत होतं, मी मोबाईलात जे गाव वसवलंय तेच बाहेर धुक्यात उभं आहे.

गाव म्हणजे खेळ. नऊ जणांचा. दोन जण गुपचूप कोल्हे असतात, बाकीचे साधे गावकरी. कोल्हे कोण ते फक्त कोल्ह्यांना आणि खेळ चालवणाऱ्याला माहीत. रात्री कोल्हे एकाला खातात. दिवसा सगळे मिळून भांडतात, एकमेकांवर संशय घेतात आणि मतं देऊन एकाला गावाबाहेर काढतात. दोन्ही कोल्हे निघाले तर गाव जिंकलं. कोल्हे आणि गावकरी सारखेच उरले, तर गाव संपलं. इकडे ट्रायसिटीत, म्हणजे मोहाली आणि शेजारच्या दोन शहरांत, पोस्टिंगवर आलेली, शिकायला आलेली आम्ही मराठी माणसं गणपतीला भेटतो आणि मग वर्षभर मोबाईलच्या गटात नुसते अंगठे दाखवतो. म्हणून मीच म्हटलं, थंडीत ऑनलाइन खेळूया, मी चालवते. आयुष्यात कधी चालवला नव्हता. पण हौसेला काय मोल.

आधीचा आठवडा मी ताटात खेळले. छोले म्हणजे गावकरी, राजमा म्हणजे कोल्हे. तीन कोल्हे घातले तर गाव बघता बघता साफ. दोन घातले आणि गावाला एक जाणता दिला, म्हणजे रोज रात्री मला एकाचं खरं रूप विचारू शकणारा, तर कोल्ह्यांचा पार चुराडा. मग जाणता काढला आणि राखणदार ठेवला, जो रात्री एकाला वाचवू शकतो. तेव्हा कुठे पारडी जरा बरोबरीत आली. अशात एका सकाळी बघते तर ताट रिकामं. नवऱ्याने रविवारच्या जेवणासाठी राजमा भिजत घातला होता. "अहो, तुम्ही माझे कोल्हे भिजवलेत," म्हणून मी जी तणतणले, ते बिचारे युनिफॉर्मात तसेच उभे राहिले. युद्धाचं शिक्षण घेतलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांनी सरळ माघार घेतली.

नियम दोनच होते. एक, प्रत्येकाने भाजीचं नाव घ्यायचं, म्हणजे कोण कोण आहे ते कळणार नाही. दोन, फक्त मराठी. हिंदी वाक्य लिहिलं की एक मत गेलं. हा दुसरा नियम मी का घातला ते मला पक्कं माहीत होतं, फक्त कबूल करत नव्हते.

माझी मुलगी बारा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर हिंदीत येतं. "जेवलीस का गं?" "हाँ मम्मा, खा लिया." माझी आई कोल्हापुरातून रोज संध्याकाळी फोन करते, स्पीकरवर तासभर नातीशी बोलते. आजी मराठीत, नात हिंदीत. दोघींचं छान चालतं. माझा मात्र जीव तुटायचा. ओरडून पाहिलं, लाडीगोडी लावली, काही उपयोग झाला नाही. ती म्हणायची, मम्मा, मैं बोलूँगी तो सब हँसेंगे. एकदा कधीतरी कुणीतरी हसलं असणार.

हसण्याचं मला सांगू नका. लग्नानंतर पहिल्या पोस्टिंगवर बायकांच्या चहाला गेले होते. निघताना म्हणाले, "येतो मी." आमच्या कोल्हापुरात बायका असंच बोलतात. येतो, जातो, आलो, गेलो. माझी आई तसंच बोलते, आजी तसंच बोलायची, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण तिथे एक वहिनी हसून म्हणाल्या, "येतो काय गं? मिशा आहेत का तुला?" सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि घरी येऊन आरशासमोर "येते, जाते, आले, गेले" असं घोकत बसले. तेव्हापासून माझं बोलणं इस्त्रीचं झालं. आईशी फोनवर बोलतानाही.

त्या रविवारी शेजारच्या मेजरसाहेबांना ऐन वेळी ड्यूटी लागली आणि नवव्या भाजीची जागा रिकामी पडली. मुलगी दारात उभी होती. म्हणाली, मैं खेलूँ? मी म्हटलं, मराठीत लिहावं लागेल. तिने खांदे उडवले आणि टॅबलेट घेऊन आतल्या खोलीत गेली. मेजरसाहेबांची भाजी होती दोडका. तीच तिला मिळाली. बाकी कुणाला मी हे सांगितलं नाही. चिठ्ठ्या टाकल्या आणि नशीब बघा, दोडक्याला कोल्हा आला.

गाव सुरू झालं आणि दहा मिनिटांत माझा घोळ माझ्या लक्षात आला. कोल्हे तोलले, गावकरी तोलले, पण बोली तोलायची राहिली. "काय करून राहिले बे सगळे," असं फ्लॉवर म्हणाला आणि सेक्टर एकोणचाळीसच्या संशोधन संस्थेतला आमचा नागपूरचा विद्यार्थी उघडा पडला. मोहालीच्या आयटी कंपनीतले पुण्याचे गृहस्थ भोपळा होते. त्यांनी कुणाचा तरी ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि तेही ओळखू आले. मराठी माणसाने नाव लपवलं तरी क्रियापद लपवता येत नाही, हे मला ताटातल्या राजम्याने सांगितलं नव्हतं.

पहिल्या रात्री एक भाजी गेली, पहिल्या दिवशी एक निर्दोष गावकरी बाहेर गेला. दुसऱ्या रात्री राखणदाराने एकाला वाचवलं. सात उरले. आतल्या खोलीतून टॅबलेटवर बोटं आपटल्याचा बारीक आवाज येत होता आणि माझ्या मोबाईलवर दोडक्याची वाक्यं उगवत होती. मराठी वाक्यं. मोडकी, अडखळती, पण मराठी. मी ती पुन्हा पुन्हा वाचत होते. बाहेर धुकं, आत हे, मला सगळं स्वप्नासारखं वाटत होतं आणि जागं व्हायची अजिबात इच्छा नव्हती.

मग भोपळ्याने दोडक्याला धरलं. कारण कोल्हेपणाचं नव्हतं, व्याकरणाचं होतं. त्याने लिहिलं, "दोडका मघाशी म्हणाला 'मी आत्ता आली'. आता म्हणतो 'मी कुठं नाही गेलो'. बाई की बुवा, एक काहीतरी ठरवा. जो दोन्ही आहे तो खोटा आहे." फ्लॉवरने हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग टाकली. आणखी एकाने विचारलं, दोडकेबुवा, साडी नेसून आलात का.

आतल्या खोलीतली बोटं थांबली.

मला सगळं माहीत होतं. 'आली' तिच्या हिंदीतून आलं होतं आणि 'गेलो' माझ्या आईच्या फोनमधून. रोज संध्याकाळी हिंदीत उत्तर देता देता पोरीने आजीचं मराठी आत साठवून ठेवलं होतं, अगदी जसंच्या तसं, बिनइस्त्रीचं. आणि मला हेही माहीत होतं की भोपळा चुकीच्या कारणाने का होईना, बरोबर होता. दोडका कोल्हाच होता. त्याला बाहेर काढणं हा गावाचा हक्क होता. खेळ चालवणाऱ्याने फक्त दिवस आणि रात्र सांगायची, बाकी तोंड उघडायचं नाही. पण पोरीला आता या शब्दावर हसून बाहेर काढलं असतं, तर तिने पुन्हा मराठीत तोंड उघडलं नसतं. मी तिला ओळखते. मी मला ओळखते.

दोडक्याविरुद्ध तीन मतं पडली. चौथं पडलं की संपलं. मी घाईने लिहिलं, "थांबा. मी मतं मोजून आलो."

बोटांनी लिहिलं, खरं सांगते. पण पाठवण्याआधी ते मी पाहिलं, आणि पाठवलं.

खेळ चालवणारी मी आहे आणि मी बाई आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग फ्लॉवरने लिहिलं की अरे, बायका पण असं बोलतात का? कुणीतरी म्हणालं, कोल्हापूरकडे बोलतात की. भोपळ्याचा मुद्दा तिथेच बाद झाला. मतं फुटली आणि दोडक्याऐवजी कारल्याला बाहेर काढलं. पुढच्या तासाभरात दोन्ही कोल्ह्यांनी मिळून गाव संपवलं. दोडका तर नंतर अशा सफाईने खोटं बोलला की मला त्याची भीती वाटायला लागली.

खेळ संपल्यावर भोपळ्याने मला सरळ विचारलं, ते 'आलो' चुकून झालं का. हो म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण माझ्याच्याने ते झालं नाही. मी लिहिलं की नाही, मुद्दाम पाठवलं, दोडक्याला वाचवायला, आणि दोडका माझी मुलगी आहे. खेळ रद्द धरा. त्यावर त्यांनी जोडलेले दोन हात पाठवले, आणि खाली, छान मराठी लिहिते हो तुमची मुलगी.

तेवढ्यात आतलं दार धाडकन उघडलं. पोर लालबुंद होऊन माझ्यासमोर उभी. मला वाटलं, आता हिंदीत सगळा पाऊस पडणार.

"मम्मा, तू रद्द कशाला केलीस?" ती म्हणाली. "मी जिंकलो होतो. माझं मी बघितलो असतो. तू मधी कशाला बोललीस?"

एका दमात, थांबल्याशिवाय, आवाज चढवून. वर माझ्या आईसारखा कमरेवर हात. मी लग्नानंतरच्या पंधरा वर्षांत कुणाकडून इतकी बोलणी खाल्ली नव्हती आणि इतकी सुखावलेही नव्हते. डोळे भरून आले, पण ती आधीच चिडलेली, त्यात मी रडले असते तर आणखी बिघडलं असतं. बाहेर समोरचं फाटक हळूहळू दिसायला लागलं होतं.

"मी चुकलो," मी म्हटलं.