जपमाळेला न लागणारं बोट

मैत्रिणींनो, आज सकाळी लेकीच्या पिस्तूल नेमबाजीच्या सरावाला गेले होते. मोकळ्या मैदानावरची रेंज आहे. दर रविवारी मी मागे बसून जप करते.

आज लेक म्हणाली, "आई, नुसती बघत बसतेस. ये ना, एकदा मारून बघ."

पिस्तूल हातात घेतलं, तर तिचे सर म्हणाले, "ताई, नवखा माणूस लगेच ट्रिगरवर बोट ठेवतो. तुमचं बाहेरच राहिलं."

जपमाळेला तर्जनी लावत नाहीत ना, त्याची सवय.

एक गोळी मारली. कागदाच्या कडेला लागली.

"अजून एक?" लेकीने विचारलं. खूप मनात होतं, तरी म्हटलं, "नको गं, तुझ्या गोळ्या कमी पडतील."

आत्ता संध्याकाळी जपाला बसले, तर बाजूला ठेवलेलं ते बोट आपोआप वाकत होतं.

पुढच्या रविवारी स्वतःहून मागू का? सांगा गं.