पडवीत झोपलेला भाऊ

नलिनी तिर्लोटकर मुलुंडच्या एका कॉलेजात बी.ए.च्या मुलांना मराठी शिकवते. राहते नाहूरला, कॉलेजला चालत जाते, आणि उशिरा आलेल्याला वर्गात घेत नाही. मुलं तिला टरकून असतात, पण तिचा तास बुडवत नाहीत.

माहेरची ती घाडीगावकर. वडील लालबागला गिरणीत होते. गिरणीला टाळं लागलं आणि ते घरी बसले ते कायमचे. मग घर नलिनीनं ओढलं. शिकवण्या घेत ती स्वतः शिकली आणि धाकट्या सहदेवला तिनं इंजिनियर केलं. तो कॅनडाला गेला आणि तिथलाच झाला. आई शेवटपर्यंत नलिनीकडे राहिली. अखेरीला तिला माणसं ओळखू येईनात, पण कणकवलीच्या पुढं, वाडीतल्या आपल्या घराविषयी ती तासन्‌तास बोले. पडवी कशी सारवलेली असायची, चुलीमागच्या भिंतीला कसला वास यायचा, पावसात कुठल्या कोनात गळायचं. नलिनी तिचे पाय चेपत ऐकत राही.

आई गेली तेव्हा सहदेवला येता आलं नाही. व्हिसाचं कसलं तरी काम अडकलं होतं. नलिनी एकटीच रक्षा घेऊन एसटीनं गावी गेली. तिथं चुलतकाका धाकू तिला घ्यायला आला आणि त्यानं तिला सरळ नव्या रस्त्यावर नेऊन उभं केलं. म्हणाला, "ह्या बग तुमचा घर." डांबरावरून ट्रक धावत होते. रस्ता रुंद झाला त्यात घर गेलं होतं, आई जिवंत असतानाच. मुंबईला कळवायचा धीर त्याला झाला नव्हता.

त्याच संध्याकाळी सहदेवचा फोन आला. तो हुंदके देत होता. "ताय, घर आसा मां गो अजून?"

नलिनी धाकूकाकाच्या अंगणात उभी होती. तिनं डोळे मिटले. "आसा," ती म्हणाली.

"आणि पडवी?"

"पडवी पण आसा. काकान थयच माझी चटई घातल्यान."

तो रडत होता म्हणून ती बोलत राहिली. आईकडून ऐकलेलं सगळं घर तिनं त्याला बांधून दिलं, कोपरानकोपरा. तो हळूहळू शांत झाला. आपण खोटं बोललो याचं तिला तेव्हा समाधानच वाटलं.

पुढं काही वर्षांनी सहदेवचं पुस्तक आलं, 'आडनावाचं गाव'. परदेशात राहणारा मुलगा आईच्या मृत्यूनंतर एकटा मुळं शोधत गावी जातो, अशी आत्मकथा. एसटीचा प्रवास त्यात होता. धाकूकाका होता. पडवीत चटईवर झोपलेला, आईच्या वासानं जागा झालेला मुलगा होता. पुस्तकात बहीण नव्हती. अर्पणपत्रिकेत लिहिलं होतं, 'आईस, आणि मी एकट्यानं केलेल्या त्या प्रवासास'.

नलिनीनं फोन लावला. "सहदेव, तू कधी गेललंस रे थय?"

तो हसला. "गो, साहित्यात असा चालता. तू आणि मी वेगळी काय?"

घराबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. "खरंच," एवढंच म्हणून फोन ठेवला. त्या दिवसापासून तिनं ते मनात धरलं. पुस्तकाला बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले, ती वाचत गेली आणि गप्प राहिली. आणि मग ते पुस्तक अभ्यासक्रमाला लागलं. विभागप्रमुख चंद्रप्रकाश सरांनी तो पेपर तिलाच दिला. कॉलेजात तिचं माहेरचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

तिनं ते इतकं मन लावून शिकवलं की सरांनाही नवल वाटलं. ओळन्‌ओळ ती मुलांकडून उसवून घेई.

मानखुर्दहून येणारा धम्मपाल एकदा म्हणाला, "मॅडम, गावाची ओढ सगळ्यांना असते असं यानं धरूनच घेतलंय. माझ्या आजोबांनी जालन्याकडचं गाव सोडलं ते मागं वळून न बघायला. तिथं आमची वस्ती कुठं होती ते विचारायला मी गेलो, तर कोण चटई घालणार?"

"बरोबर. अजून?"

"अजून म्हणजे, याला कोणी उलट बोलतच नाही. एवढ्या वर्षांनी गेला तर एखादा तरी टोमणा मारेल ना? सगळे नुसते प्रेमळ. फिल्मी वाटतं यार... सॉरी, मॅडम."

"सॉरी नको. लिहून ठेव."

घाटकोपरची तेजल मात्र चिडली. "मला नाही वाटत फिल्मी. माझी आई गेल्यावर मी हे वाचलं. पडवीचं प्रकरण वाचून मी रडले. जो तिथं गेलाच नाही त्याला असं लिहिता येईल का?"

ही पोरगी जी वाचून रडली ती वाक्यं नलिनीची होती, किंवा आईची होती, आणि खाली नाव त्याचं होतं. तिनं फळा पुसायला घेतला. तो आधीच पुसलेला होता.

डिसेंबरात सहदेव सुट्टीवर येणार होता. नलिनीनं चंद्रप्रकाश सरांना सुचवलं की लेखकाला वर्गात बोलवू, माझी ओळख आहे. सर खूश झाले. फोनवर ती सहदेवला म्हणाली, "माझो भाव म्हणान सांगू नको हां. वशिलो वाटतलो." तो लगेच कबूल झाला. त्याच्याही ते सोयीचंच होतं.

तो आला तेव्हा वर्ग भरलेला होता. कुर्ता, गळ्यात मफलर, केस छान पिकलेले. मुलांशी तो लाघवी बोलला. मग त्यानं पडवीचं प्रकरण वाचून दाखवलं, आणि वाचताना त्याचा आवाज खरोखरच दाटून आला. तेजल डोळे पुसत होती. नलिनी मागच्या बाकावरून उठली.

"सर, पुस्तकात नाही असं काही त्या पडवीबद्दल सांगाल? मुलांना आवडेल."

त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि तो किंचित हसला. बहीण आपल्याला हात देतेय असंच त्याला वाटलं. मग तो रंगला. सकाळी पडवीतून दिसणारं धुकं, पायाखालच्या शेणाचा गारवा, खांबावर आईनं नवी नवरी असताना कोरलेली खूण. ती खूण त्यानं तिथल्या तिथं जन्माला घातली होती.

नलिनीनं त्याला पोटभर बोलू दिलं. मग पुढं येऊन तिनं प्रोजेक्टर चालू केला. पडद्यावर फोटो आला. रुंद डांबरी रस्ता, कडेला कमरेत वाकलेला म्हातारा, त्यानं रस्त्याच्या मधोमध बोट दाखवलेलं. शेजारी नलिनी, छातीशी लाल फडक्यात बांधलेला तांब्या.

"हा धाकूकाका," ती मुलांना म्हणाली. "पुस्तकात चटई घालतो तो. तो बोट दाखवतोय तिथं ती पडवी होती. मी गेले त्याच्या आधीच ती रस्त्यात गेली होती."

"तुम्ही?" तेजलनं विचारलं. "मॅडम, तुम्ही तिथं कशा?"

"आईची रक्षा घेऊन गेले होते. हे माझे धाकटे बंधू. ते त्या गावाला आजपर्यंत गेलेले नाहीत."

या घटकेची नलिनीनं फार वाट पाहिली होती. तो आता सारवासारव करेल, साहित्याच्या गप्पा मारेल, आणि त्याचंही उत्तर तिनं तयार ठेवलं होतं. पण सहदेव पडद्याकडंच बघत राहिला.

"घर नाय?" त्यानं हळूच विचारलं. वर्गातल्या कुणासाठी नव्हतं ते.

"नाय."

"तू माका सांगितलंस, आसा म्हणान."

"तू रडत होतस."

त्यानं टेबलाची कड धरली. त्याचं घर आत्ता, इतक्या पोरांसमोर गेलं होतं. नलिनीला ते दिसलं. पण 'मी एकट्यानं केलेला प्रवास' हे शब्द तिनं मनात पुन्हा वाचले आणि वर्गाकडं वळली.

"लेखक समोर आहेत. विचारा प्रश्न."

एकही हात वर झाला नाही. धम्मपाल उठला, त्यानं सहदेवसाठी खुर्ची ओढली आणि आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढं ठेवली.

तास संपल्यावर तेजल तिच्या वाटेत उभी राहिली. "मॅडम, ते खोटं बोलले, कबूल. पण तुम्ही इतके महिने आम्हाला यासाठी तयार करत होतात. आम्हाला वापरलंत."

"हो," नलिनी म्हणाली. ती तेजलच्या बाजूनं पुढं निघून गेली.

कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपलं होतं. ते पसरलं. प्रकाशकानं पुस्तक बाजारातून काढून घेतलं, सहदेवचे ठरलेले कार्यक्रम रद्द झाले. चंद्रप्रकाश सरांनी नलिनीला बोलावून कॉलेजची अब्रू, शिस्त असं बरंच ऐकवलं आणि तो पेपर तिच्याकडून काढून घेतला. तिनं मान हलवली आणि घरी जाऊन नेहमीसारखा कुकर लावला.

परत जाण्याआधी सहदेव गावी गेला, पहिल्यांदाच. धाकूकाकाचा फोन आला. "सहदेव इल्लो. रस्त्याच्या कडेक बसान रवलो. जेवूकव नाय." नलिनीला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची तिला लाजही वाटली नाही.

मग सहदेवचाच फोन आला. मागून ट्रकचे आवाज येत होते. पुस्तकाबद्दल तो काही बोलला नाही, माफीही मागितली नाही.

"ताय, आईची रक्षा खय सोडलंस? काका सांगणा नाय. तू नको म्हटलंस म्हणता."

"हो."

"माका फक्त जागा सांग. मी लिवचंय नाय. देवाशपथ."

आई गेली तेव्हाच्या त्या फोनवर त्यानं घराबद्दल विचारलं होतं, पडवीबद्दल विचारलं होतं, ती रात्री कुठं झोपणार तेही विचारलं होतं. रक्षेचं विचारलं नव्हतं. तो विचारेल म्हणून ती त्या अंगणात फोन कानाला लावून उभी राहिली होती.

"ताय, आसस मां?"

"आसंय," ती म्हणाली. "पण ता मी सांगूचंय नाय."

तिनं फोन ठेवला. तो अजून अधूनमधून फोन करतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि शेवटी तेच विचारतो. ती तब्येतीची चौकशी करते, पोरांची खुशाली विचारते. जागा तिनं अजून सांगितलेली नाही.