भावी आमदार

कापूरहोळच्या फाट्यावर ते कडक पांढऱ्या कपड्यांत उभे असतात आणि भोरकडे जाणाऱ्या प्रत्येक एसटीला हात जोडतात. मागच्या फ्लेक्सवर त्यांच्या फोटोखाली 'भावी आमदार' असं लिहिलंय. फ्लेक्स उन्हानं विटला की ते नवा लावतात, फोटो मात्र तोच, तरुणपणीचा. खरं तर त्यांचा मतदारसंघ फेररचनेत केव्हाच मोडला; काही गावं इकडच्या मतदारसंघात गेली, काही तिकडच्या.

परवा चहा पिताना मी न राहवून म्हणालो, "अहो, तुमचा मतदारसंघच आता राहिला नाही."

त्यांनी बशी शांतपणे खाली ठेवली.

"गुरुजी, हितनं निवडून गेलेले समदे आमदार माजी झाले. आता मतदारसंघबी माजी झाला. आमी तेवढं भावी ऱ्हायलो. भावी माणसाला पाडणार कोन?"