बिनसाक्षीची टेंच

विल्फ ग्रिमशॉने आठ पौंडांची टेंच मासळी खरंच धरली होती का? आमच्या मासेमारी क्लबात या एका प्रश्नाचं गुऱ्हाळ वर्षानुवर्षं चाललं होतं. मी तिथे चहाची किटली सांभाळते, गळही टाकते, आणि भोचकपणा माझ्या रक्तातच आहे. मला तर हा प्रश्न स्वस्थ बसू देत नव्हता.

विल्फने जन्मभर बस चालवली. कुणाच्या अध्यात ना मध्यात. एका जूनमध्ये हंगाम उघडला त्या सकाळी थॉर्नी क्लफच्या तलावावर त्याच्या गळाला ती हिरवट, जाडजूड टेंच लागली. त्याने तिचं वजन केलं आणि तिला परत पाण्यात सोडलं. मासे आम्ही सगळेच सोडतो, पण विक्रमाच्या फळ्यावर नाव लागायचं तर वजन दुसऱ्या सभासदाने डोळ्यांनी पाहायला हवं. विल्फने कुणालाच हाक मारली नव्हती, आणि आमचा सचिव क्लॉड पिलिंग तर हाकेच्या अंतरावर बसून सँडविच खात होता.

"असं कसं विसरलास रे?" मी एकदा खोदून विचारलं.

"नाही सुचलं, मॅज. कितीदा सांगू?"

"फळ्यावर नाव लागायची वेळ आणि सुचलं नाही?" क्लॉड खो खो हसला. "थापा मारायला मात्र बरोबर सुचतं!" त्या दिवसापासून क्लॉड त्याला नावाने हाक मारेना. "या, आठ पौंड! काय म्हणतंय पाणी?" विल्फ कसनुसा हसायचा आणि काठावरच्या आपल्या जागेवर जाऊन बसायचा. फळ्याकडे मात्र तो कधी मान वर करून बघत नसे. त्याला ते किती लागलंय, हे मला दिसायचं.

मग यंदा तलावाचा दोनशे वर्षं जुना बांध झिरपायला लागला. दुरुस्तीसाठी तलावातलं सगळं पाणी सोडून द्यायचं ठरलं. मासे उचलून टाकीच्या गाडीने दुसऱ्या तलावात न्यायचं काम आम्हा सभासदांवर आलं. विल्फ सगळ्यांच्या आधी हजर होता. टेंच असलीच तर आता लपणार कुठे? क्लॉडने वजनकाटा गळ्यातच अडकवला होता. "आज होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष, आठ पौंड!"

पाणी ओसरत गेलं तसे मासे निघत गेले. दुपारपर्यंत बांधाच्या पायथ्याशी एकच डबकं उरलं. विल्फ मांडीभर चिखलात उतरला, जाळं खाली घातलं आणि दोन्ही हातांनी वर उचललं. जाळ्यात टेंच होती. एवढी मोठी टेंच मी जन्मात पाहिली नव्हती. तिचे कल्ले चिखलाने भरले होते आणि तोंड जेमतेम हलत होतं.

"आण इकडे! लाव काट्याला!" क्लॉड ओरडला. आम्ही सगळे साक्षीदार म्हणून कोंडाळं करून उभे.

विल्फ कोंडाळ्यातून वाट काढत धडपडत निघाला. क्लॉडने काटा पुढे केला, तो विल्फच्या खांद्याने बाजूला ढकलला गेला. विल्फ थेट गाडीपर्यंत गेला, टेंच टाकीत सोडली आणि कोपरापर्यंत हात बुडवून तिला सरळ धरून उभा राहिला. बऱ्याच वेळाने तिने शेपटी मारली आणि त्याच्या हातांतून निसटली.

क्लॉड लाल झाला होता. "अरे वेड्या, एवढी वर्षं... विल्फ, निदान हाताला तरी कळलं असेल! किती भरली असती?"

बऱ्याच वर्षांनी क्लॉडच्या तोंडून त्याचं नाव निघालं होतं, पण विल्फचं तिकडे लक्षच नव्हतं. तो टाकीत वाकून बघत होता.

"कोण जाणे," तो म्हणाला. "मी तिचा श्वास बघत होतो."

त्या जूनमध्ये हाक मारायचं त्याला का सुचलं नाही ते मला कळलं, आणि माझा प्रश्न तिथेच मिटला.