कॉम्प्युटरला वाशीम शिकवताना

ऑफिसमधले किस्से सांगायला बसलो की घरचे म्हणतात, तुम्ही रचून सांगता. रचायला वेळ कुणाला आहे? रोज नवा येतो, कालचा मागे पडतो.

वाशीमला एका मेडिकलच्या वर आमची खोली. आमचा कॉम्प्युटर दिवसभर इंटरनेटवरचा मजकूर वाचतो, त्यातून माहिती शिकतो आणि शिकलेलं आम्हाला विचारतो. आम्ही 'बरोबर' नाहीतर 'चूक' दाबायचं.

पहिला धक्का मालेगावच्या गजाननला. स्क्रीनवर आलं, 'वाशीमजवळच्या मालेगावात हजारो यंत्रमाग आहेत.' नाशिककडचं मालेगाव आणि आपलं मालेगाव कॉम्प्युटरनं एकच धरलं होतं. गजानन खुर्चीतून उठलाच. "रोज बसनं येतो मी. इतके माग लपवले कुठं म्हणते हा?"

मग आले 'सरदार, वाशीमचे तरुण नेते'. कुणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकल्या होत्या, 'गावाची शान, लाखो दिलांची धडकन'. असा नेता कुणालाच आठवेना, म्हणून आमच्या साहेबांनी मूळ पान उघडलं. फोटोत हार घातलेला बैल! साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "वाशीमचा हाय, हे मात्र बरोबर."

नामदेवकाका रिटायर्ड मास्तर, आमच्यात सगळ्यात मोठे. एका सकाळी त्यांनाच प्रश्न आला, 'नामदेव गुरुजी यांचे निधन झाले आहे.' दुसऱ्याच कुणा नामदेवाच्या श्रद्धांजलीत काकांची माहिती चिकटवली होती. काकांनी 'चूक' दाबलं. दुसऱ्या दिवशी तेच परत. तोवर आणखी पानांनी ते जसंच्या तसं उतरवलं होतं आणि कॉम्प्युटरची खात्री वाढली होती. काकांचा चेहरा उतरला. "अरे, मी सोताच सांगून राह्यलो ना त्याले."

"काका, तुमी एकटे पडता," गजानन म्हणाला.

आणि सुनीताचा किस्सा.

सुनीता धनजची. ती शाळेत असताना तिचे वडील प्रल्हाद कामाला म्हणून सुरतला गेले, ते परतलेच नाहीत. खूप शोधून शेवटी घरच्यांनी ते वारले असं धरलं, भिंतीवर फोटो लावला. एका दुपारी तिच्यासमोर आलं, 'मूळचे धनजचे प्रल्हाद यांच्या पत्नीचे नाव मंगला आहे.'

तिनं पान उघडलं. सुरतच्या कुठल्याशा सोसायटीतला परवाचा सत्कार. शाल पांघरलेला माणूस, शेजारी एक बाई. सुनीता फोटो मोठा करत गेली.

"बाबा हायेत," ती म्हणाली. "जित्ते हायेत."

आम्ही तिच्यामागे उभे. काकांनी पाणी पुढे केलं, तिनं घेतलं नाही.

साहेब हळूच म्हणाले, "सुनीता, राहू दे हे. पुढचं घे."

"कायले?" तिनं 'चूक' दाबलं. "माह्या मायचं नाव शांता हाय."