ओले हात

"अगो, ओल्या हातांनी शिवलीस!"

काकूंनी सूप अंगणात भिरकावलं. सोललेल्या सुपाऱ्या गडगडत उकिरड्यापर्यंत गेल्या. देवापुढे ठेवायच्या होत्या त्या. आमच्या जातीच्या हातची सुपारी कोरडी असली तर देवालाही चालायची. ओल्या हाताचा मात्र विटाळ. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तर बरं दिसावं म्हणून हात धुऊन आले होते.

इंग्रज जाऊन, स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली होती. पोलादपूरच्या डोंगरातून मी चौलाकडच्या या नारळी-सुपारीच्या वाडीत आलेली. शाळा तिसरीत सुटली, नवरा तापानं गेला, पदरात चार वर्षांची पोर. वाडीच्या मालकीणबाई, म्हणजे काकू. त्यांनी काम दिलं, गोठ्यामागं खोपट दिलं. उपकारच. म्हणून वाटलं, चूक माझ्याच हातांची.

धुवायला लागले. पाटाच्या शेवटाला, माडांना जाऊन उरलेलं पाणी यायचं तिथं. राखेनं. मग काथ्यानं. धुतले की ओले, ओले म्हणजे विटाळ. वाळेपर्यंत हात वर धरून उभी. वाळले की घाण वाटायचे. पुन्हा पाट. बोटांच्या बेचक्यांतून रक्त यायला लागलं. स्वतःच्या हातची भाकरी गिळवेना.

"वेड लागलंय हिला," काकू म्हणाल्या, आणि जळणाची लाकडं धुवायला बसल्या.

माझ्यासोबत सोलायला बसणारी जनाआत्या फिसकन हसली. "ती लाकडं धुते त्ये सोवळं. तू हात धुतेस त्ये याड. व्हय गो?"

मला हसू आलं नाही.

त्याच दुपारी पोर भाकरीचा तुकडा घेऊन आली. "आये, खा." तिचे हात ओले.

"शिवू नको!"

आवाज काकूंचा. तोंड माझं.

पोरीनं तुकडा टाकला. परकराला हात पुसायला लागली. पुसतच राहिली.

मी ते हात धरले. तुकडा उचलून खाल्ला. डोळे मिटून चावला. गिळला.

दुसऱ्या दिवशी पाटात हात बुडवले. एकदाच. तसेच निथळते घेऊन सुपारीचं सूप उचललं.

"हात कोरडे ना गो?" काकूंनी लांबून विचारलं.

"न्हाय. ओलेच हायत."

खोपट त्याच दिवशी सुटलं.

उपकार विसरले नाही. हात अजून पाण्याकडे धावतात. जीव कासावीस होतो, मूठ आवळून बसते. ही किळस काकूंची, माझी नाही. माझ्या कातडीवरून मी ती धुणार नाही. पोरीच्या हातावर तर बसूच देणार नाही.