मेहुण्याला दुसऱ्यांदा अटक

त्या सोमवारी मालिका सुरू झाली आणि पहिली जाहिरात लागायच्या आतच आमच्या हॉलमध्ये बसलेले तिघेही एकदम म्हणाले, "मेहुणा."

इतकं एकमत तिथे कधी होत नसे. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या इमारतीत ती पोलिसांची मालिका वर्षानुवर्षं एकत्र बघितली जात होती. पहिल्या जाहिरातीआधी प्रत्येकाने आपला गुन्हेगार सांगायचा आणि ज्याचा चुकेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा, असा नियम होता. वडील कोर्टात बेलीफ होते. त्यांचा संशय कायम घरातल्याच माणसावर. वरच्या मजल्यावरचे काका हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते सर्वांत जास्त वेळा चुकत आणि दोष लिहिणाऱ्याला देत. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू सर्वांत जास्त रडणाऱ्या पात्राचं नाव घेत आणि बहुतेक वेळा बरोबर येत.

"हा भाग जुना आहे," काकू म्हणाल्या. "सराफाचा खून. मेहुण्यानेच केलेला. मागे बघितलाय आपण."

"जुना कसा लागेल? शुक्रवारी नवा होता," वडील म्हणाले.

शेवटी मेहुण्याला अटक झाली. मंगळवारीही जुनंच प्रकरण लागलं. चहा कोणीच केला नाही, कारण चुकलं कोणीच नव्हतं.

चॅनलवर कोणाचा संशय गेला नाही. तो गेला केबलवाल्यावर. याला कारण होतं. पूर्वी केबलवाले स्वतःचं एक चॅनल चालवत. कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या गाळ्यात हा माणूस सीडी लावी आणि सगळ्या कॉलनीत सिनेमा दिसे. गणपतीत लोक फोन करून फर्माईश करत. एकदा सीडी लावून तो कामानिमित्त सटाण्याला गेला. तिथे अडकला, आणि दिवसभर तोच सिनेमा फिरत राहिला. ही गोष्ट आमच्याकडे हसण्यासाठी सांगितली जाई. आता ती पुरावा म्हणून सांगितली जाऊ लागली.

"नवीन मालिका दाबून ठेवलीय त्याने," हवालदारकाका म्हणाले. "जुनी सीडी फिरवतोय. मोठा पॅक घ्या, मोठा पॅक घ्या, म्हणून मागे लागला होता की नाही?"

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. बुधवारी डेस्कवर एजन्सीची छोटी बातमी आली: मालिका बंद झाली असून तिच्या वेळेत सध्या जुने भाग दाखवले जात आहेत. निरोपाचा भाग झाला नव्हता. चॅनलने कारण दिलं नव्हतं. ती बातमी आतल्या पानावर, एका कॉलमात गेली.

दुसऱ्या दिवशी डेस्कचा फोन सतत वाजत राहिला. देवळ्याहून एकाने विचारलं, "कोणत्या मंत्र्याचं प्रकरण येणार होतं पुढच्या भागात?" कळवणच्या एका बाईंचं म्हणणं होतं की इन्स्पेक्टरचं काम करणाऱ्या नटाला काहीतरी झालं आहे आणि ते लपवलं जात आहे. सटाण्याच्या कांदा व्यापाऱ्याला खात्री होती की त्यांच्या गावच्या केबलवाल्याने सीडी लावली आहे. त्याच्यानंतर आणखी दोघांनी आपापल्या गावच्या केबलवाल्याचं नाव घेतलं. मालिका चालली नाही म्हणून संपली, ही शक्यता एकानेही बोलून दाखवली नाही.

हे सगळं मी घरी सांगितलं. देवळा, सटाणा, सगळीकडे तोच जुना भाग दिसतोय, म्हणजे इथल्या माणसाचा यात हात असू शकत नाही, असंही सांगितलं.

वडिलांनी बातमी दोनदा वाचली. "'सूत्रांच्या माहितीनुसार.' कोण सूत्रं?"

"एजन्सीची."

"त्यांची सही आहे?"

"बातमीवर सही नसते, तात्या."

"मग ही साक्ष धरत नाहीत," ते म्हणाले आणि पेपर घडी करून ठेवला. "आणि केबलवाले सगळे आतून एकच असतात."

शनिवारी केबलवाल्याला आमच्या हॉलमध्ये बोलावलं गेलं. त्याला खुर्ची दिली ती खिडकीसमोर, उजेड तोंडावर येईल अशी. मालिकेतल्या चौकशीच्या खोलीत तसंच असे. ती जागा मुद्दाम निवडली की सवयीने, हे सांगता येणार नाही. काकूंनी पाणी दिलं, पण चहा विचारला नाही.

"सीडी कुठाय?" काकांनी सुरुवात केली.

"कसली सीडी, काका? सीडीचा जमाना गेला. आता सगळं वरून येतं. माझ्या हातात नुसती वायर."

"सोमवारी संध्याकाळी कुठे होतास?"

"गाळ्यावर."

"कोणी पाहिलं?"

तो हसला. बाकी कोणी हसलं नाही, तेव्हा त्याचंही हसू गेलं. माणूस सटाण्याकडचा, इतकी वर्षं शहरात राहून बोलणं इथलं झालं होतं, पण गडबडला की अहिराणी येई. "तात्या, यामा मना काय दोष शे?" तो वडिलांकडे वळून म्हणाला. मग सावरून, "कॉलनीतल्या सगळ्या बिल्डिंगा डिशवर गेल्या, नाय तर पोरं मोबाईलवर बघतात. पूर्ण बिल्डिंग म्हणावी अशी ही एकच राहिली. ही गेली तर गाळा बंद करून मला गावी जावं लागेल. मी तुमच्याशी खोटेपणा करेन का?"

काकांनी वडिलांकडे पाहिलं. "हेतू मिळाला," ते हळूच म्हणाले.

ज्याला ही इमारत हातची घालवायची नाही तो तिलाच का फसवेल, असं मी विचारलं. काका म्हणाले, "नेमकं तसंच दाखवतात ते. तुम्हा पेपरवाल्यांना कळायचं नाही." काकू मात्र त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तो रडत नव्हता. त्यांच्या हिशेबाने ही बाब त्याच्या बाजूची असायला हवी होती, पण त्या म्हणाल्या, "किती कोरडा बसलाय बघा."

तो गेला आणि त्याच संध्याकाळी डिश घ्यायचं ठरलं. आठवड्याच्या आत गच्चीवर छत्र्या बसल्या. वडिलांनी घेतली नाही. त्यांचा केबलवाल्यावर विश्वास बसला होता असं नाही. आधी दुसऱ्यांकडे काय दिसतं ते बघू, असं ते म्हणाले.

पहिल्या दिवशी सगळे काकूंच्या घरी जमले. चित्र स्वच्छ होतं. मालिकेचं संगीत वाजलं, सराफाचं दुकान दिसलं, सराफाची बायको पायरीवर बसून रडू लागली आणि तिच्यामागून पाण्याचा पेला घेऊन मेहुणा आला. चॅनलने तोच भाग पुन्हा लावला होता.

पहिली जाहिरात लागली.

"म्हणजे डिशवाल्यालाही सामील करून घेतलंय त्याने," हवालदारकाका अखेर म्हणाले. काकूंनी मान हलवली, पण होकाराची की नकाराची ते कळलं नाही. छत्री परत करायचा विषय निघाला नाही. चित्र खरोखर स्वच्छ होतं.

वडील भाग अर्ध्यात सोडून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर पावलं वाजली तेव्हा ते वर गेले, मीही गेलो. केबलवाला आपल्या वायरी सोडवत होता. एकेक घराची वायर कठड्यावरून ओढून हातावर गुंडाळत होता.

"आमची ठेव," वडील म्हणाले.

तो थांबला. "का?"

"का म्हणजे? आम्हाला केबल हवीय."

"सगळ्यांनी काढली. तुम्हीच का ठेवता?" त्याने वडिलांकडे नीट पाहिलं. शनिवारी खिडकीसमोर बसवून त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं गेलं होतं, तीच नजर होती. "त्या दिवशी तर तुम्हीच मधे बसला होता, तात्या. आता काय हवंय माझ्याकडून?"

"काही नकोय. ती सीडी नव्हती, हे मी काल पाहिलं."

"ते मी शनिवारी सांगितलं होतं."

"तेव्हा पुरावा नव्हता," वडील म्हणाले.

केबलवाल्याने हातातली वायर गुंडाळून संपवली. मग म्हणाला, "नको. एका घरासाठी वायर ठेवली, तर उद्या चित्र गेलं की म्हणाल, यानेच घालवलं. मी गाळ्याची चावी मालकाला देऊन टाकलीय."

त्याने आमची वायर सोडवली आणि ओढायला लागला. ती खाली काकूंच्या ग्रिलमध्ये अडकली. वडील कठड्यावरून वाकून, झटके देत ती सोडवू लागले, तेव्हा तो दोन पावलं जवळ आला आणि ते तिचं नेमकं काय करताहेत, ते बघत उभा राहिला.